आता बरं, की आधीचं?

सव्वीस वर्षं आग्रा रोडवर
लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवून
मी एकच प्रश्न विचारत आले :
आता बरं, की आधीचं?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी लळिंगच्या कुरणाबाहेर
चेतन बागूलने टेम्पोतून तीन सायकली उतरवल्या
आणि टायर अंगठ्याने दाबत म्हणाला,
"हेमांगीताई, तिन्ही चालवा. घाई नाही."

पहिली हार्डटेल. मागे स्प्रिंग नाही.
हलकी, करकरीत, नव्याने रुजू झालेल्या बाईंसारखी.
चढाला पाय टाकताच पुढे;
अंजनाच्या झाडांपाशी दम लागला तो माझा, तिचा नाही.
पण उतारावर प्रत्येक दगडाने
नाव, गाव, पोटजात
मला मणक्यातून सांगितली.

दुसरी पुढून-मागून दबणारी, एकशेवीस मिलिमीटर,
कच्च्या केळीसारखी हिरवी.
चेतनने मला तिच्यावर बसवलं,
रबरी कडी किती सरकली ते पट्टीने मोजलं,
पंप लावला, वजन विचारलं.
मी दोन किलो कमी सांगितलं.
त्याने कडीकडे पुन्हा बघितलं
आणि काही न बोलता
दोन किलोंची हवा वाढवली.

तिसरी साडेचार लाखांची. कार्बन.
बटण दाबलं की सीट उंटासारखी खाली बसते,
पुन्हा दाबलं की उठते.
तिच्यावरून तोच उतार उतरले
आणि विचारलं, दगड कुठे गेले?
"हिने खाल्ले," तो अभिमानाने म्हणाला.

शेळ्या थांबवून एकजण केव्हाचा बघत होता.
किंमत ऐकून त्याने कानटोपी मागे सारली :
"इतला पैसामा ते चार फटफट्या येतीन वं माय!
अन् पाय बी माराले नको."
चेतन हसला. मीही.
शेळ्यांनी मत दिलं नाही.

मी पुन्हा पहिली मागितली.
मग पुन्हा दुसरी.

अशीच माणसं येतात माझ्याकडे.
भिंग बदलता बदलता अडखळतात,
"परत पहिलं दाखवा" म्हणतात, कपाळाला घाम,
जणू उत्तर चुकलं तर मी नापास करेन.
मी आतून चिडत असे.
आज घाम माझ्या कपाळावर
आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीला काचतोय.

ओढ्याकाठच्या वळणाला
दुसरीचं पुढचं चाक मुरमात सरकलं.
ब्रेकवर एकच बोट होतं.
सरकलं हे मला कळलं,
घाबरायच्या आत, पडायच्या आत,
नेमकं तेवढंच कळलं.
"लगेच पूर्ण नंबर देऊ नकोस,"
दुकानाची किल्ली हातात ठेवताना वडील म्हणाले होते,
"डोळ्याला थोडं काम राहू दे."

हिरवी, मी म्हणाले.

भिंग घासायचं जुनं यंत्र दिवाळीतच विकलं होतं;
काचा आता नाशिकहून तयार येतात.
त्याचे बावन्न हजार, वर मोडलेली एफडी,
वर गल्ल्यातले सुटे, जे चेतनने मोजलेच नाहीत.
ते यंत्र फिरायचं तेव्हा पाणी उडायचं,
बाही कोपरापर्यंत ओली.
आता मागचं चाक सोडलं की किरकिर वाजतं, बारीक,
उन्हाळ्यातल्या रातकिड्यासारखं.

दुपारी दुकान उघडलं.
सायकल अक्षरांच्या तक्त्याखाली टेकवली.
खुर्चीत कुसुंब्याचे निवृत्त ग्रामसेवक.
मी काच बदलली. आता बरं, की आधीचं?
"दोन्ही सारखंच वाटतं, बाई..."
ओशाळून थांबले.
"परत पहिलं दाखवता?"

मी पहिली काच पुन्हा बसवली.
टायरमध्ये अडकलेला मुरमाचा खडा
टपकन फरशीवर पडला.
"काय पडलं?"
काही नाही.
तुम्ही बघा सावकाश.